नाबोथाचा मळा आणि अरण्याचे राखणदार

जुन्या करारातील नाबोथाची कथा आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांस परिचित आहे. इज्रेल गावी नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्यास लागून होता. राजास त्या जागी भाजीपाला लावावयाचा होता व त्याने मोबदलाही देऊ केला. परंतु वाडवडिलांचे वतन आपण देणार नाही, असे नाबोथाने उत्तर दिले. पुढे राणी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून त्यास धोंडमार करविली. ह्या कथेत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, अहाबाने स्वतः एकही धोंडा मारिला नाही. तो घरी रुसून बसला होता. तथापि एलीया संदेष्ट्याने खुनाचा जाब विचारिला तो अहाबासच. कारण मळा हवा होता तो त्याला.

आज अरण्ये राखणाऱ्या माणसांचे प्राण जातात, तेव्हा हीच कसोटी आपण आपणांस लावून पाहिली पाहिजे.

आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे माहूर-किनवटच्या रानांजवळून आदिलाबादच्या सीमेकडे जाते. १९४८ पर्यंत आपला मुलूख व आदिलाबादचा मुलूख ही दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. आदिलाबादच्या डोंगराळ भागात गोंड लोकांची वस्ती फार जुनी. पाळीपाळीने रानाचा एकेक तुकडा कसावा, मोहफुले, कंदमुळे व मध गोळा करावा आणि रानातच देवपूजा करावी, असा त्यांचा जीवनक्रम होता. परंतु शहरांत सागवानी लाकडाचे मोल वाढले, तसतशा सरकारने राखीव रानाच्या सीमा आखल्या. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेले गोंड आपल्याच भूमीत अतिक्रमण करणारे ठरले. त्यांस दंड झाले, वस्त्या उठविण्यात आल्या आणि कित्येक ठिकाणी चांगली जमीन बाहेरून आलेल्या लोकांच्या नावे झाली.

ह्या अन्यायाविरुद्ध कोमराम भीम हे गोंड पुढारी उभे राहिले. आपल्या लोकांच्या बारा गावांना जमीन कसण्याचा व रानाचा हक्क मिळावा, अशी त्यांची मागणी होती. अर्जविनंत्या निष्फळ झाल्यावर त्यांनी शस्त्र धरिले व १९४० साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते व त्यांचे काही सोबती ठार झाले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आजही त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. त्यांच्या मृत्यूनंतर संस्थान सरकारने ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांजकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. ते मार्लवाई गावी गोंडांमध्ये राहिले. त्यांच्या प्रयत्नाने १९४३ पासून गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या, देवनागरी लिपीत गोंडी पाठ्यपुस्तके तयार झाली आणि पुढे हजारो आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळाले. जे मागितले म्हणून माणसे मारिली गेली, त्याचा काही अंश त्यांच्या मरणानंतर देण्यात आला! २०१६ साली तेलंगणात झालेल्या एका नव्या जिल्ह्यास भीमांचेच नाव आहे.

असे प्रसंग केवळ भूतकाळाचे नव्हेत. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात, वर्षावनात वसलेल्या सावेतो गावाचे पुढारी एडविन चोटा हे अशानिंका लोकांच्या जमिनीचा अधिकृत लेख मिळावा म्हणून दहा वर्षांहून अधिक काळ झगडत होते व चोरटी वृक्षतोड सरकारच्या नजरेस आणीत होते. १ सप्टेंबर २०१४ रोजी त्यांची व त्यांच्या तीन सहकाऱ्यांची हत्या झाली. जमिनीचा लेख गावास मिळाला तो २०१५ साली! ‘ग्लोबल विटनेस’ ही संस्था अशा हत्यांची नोंद ठेविते. तिच्या मोजणीप्रमाणे २०१२ ते २०२३ ह्या बारा वर्षांत जगभर जमीन व निसर्ग राखणारी २,१०० हून अधिक माणसे मारिली गेली. लोकसंख्येच्या मानाने पाहता त्यांत आदिवासींचा वाटा फारच मोठा आहे.

आता प्रश्न असा की, ह्यात आपला संबंध काय? कुऱ्हाड चालविणारा मनुष्य लाकूड स्वतःच्या घरासाठी तोडीत नाही. त्याच्यामागे ठेकेदार, ठेकेदारामागे व्यापारी, व्यापाऱ्यामागे कारखानदार आणि सर्वांच्या शेवटी गिऱ्हाईक उभे असते. ते गिऱ्हाईक म्हणजे आपण. भीमांच्याच आसिफाबाद मुलखात सिरपूरची कागदगिरणी १९४२ पासून बांबूचा कागद करू लागली. कागद करणे हे पाप नव्हे. त्यावाचून शाळा कशी चालेल? परंतु बांबू कोणाच्या रानातला व त्याचा मोबदला कोणास मिळाला, हे विचारणे वही वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे.

ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळू शकते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाने दाखविले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. सुमारे १,८०० हेक्टर रानावर २००९ साली त्यास हा हक्क मिळाला. बांबू विकण्याचा परवाना मात्र झगड्यानंतर २०११ साली हाती आला. आता कोणता बांबू तोडावा व पैसा कशास लावावा, हे ग्रामसभा एकत्र बसून ठरविते. रान राखणाराच रानाचा धनी झाला म्हणजे त्यास प्राण द्यावे लागत नाहीत.

ह्यास्तव प्रत्येक घरी खरेदीच्या वेळी तीन प्रश्न विचारावेत, असे सुचवावेसे वाटते.

पहिला प्रश्न: ही वस्तू खरोखर हवी आहे काय? जुन्या वह्यांची कोरी पाने शिवून कच्ची वही होते. जुन्या वाड्याचे सागवानी दार नव्या घरास शोभते.

दुसरा: ही कोठून आली? पामतेल आयात करण्यात आपला देश जगात अग्रेसर आहे व ते बहुतांशी इंडोनेशिया आणि मलेशिया येथून येते. तेथे तेलताडाच्या मळ्यांसाठी विस्तीर्ण वर्षावने तोडली गेली आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर घटकांची नावे छापलेली असतात, ती वाचावीत. कागदावर व लाकडी सामानावर ‘एफएससी’ अशी खूण असल्यास ती पाहून घ्यावी. ती पूर्ण हमी नव्हे. पण गिऱ्हाईक विचारते, एवढे दुकानदारास कळले तरी पुष्कळ झाले.

तिसरा: पैसा कोणास मिळाला? मध, चारोळी, हिरडा, मोहफुले हे जिन्नस शक्यतो ग्रामसभांकडून वा आदिवासी स्त्रियांच्या बचतगटांकडून घ्यावेत आणि घासाघीस करू नये. कळमनुरी व औंढा तालुक्यांतील आंध बांधव तर आपले शेजारीच आहेत.

एकट्या घराच्या खरेदीने अरण्य वाचेल, असे कोणी म्हणणार नाही. त्यास न्याय्य कायदा व त्याचा अंमलही हवा. परंतु आपण मळा मागितला नाही, असे उद्या सांगावयाचे असेल, तर आज बाजारात काय मागतो, हे पाहिलेच पाहिजे.