रोनच्या खोऱ्यांतील कांहीं अपरिचित स्थळें

स्वित्झर्लंड हें नांव उच्चारतांच बर्फाचीं शिखरें, हिरवीं कुरणें आणि गळ्यांत घंटा बांधलेल्या गाई आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. हें चित्र खोटें नाहीं. परंतु एवढ्या उभ्या डोंगरांत माणसांनीं पोट कसें भरलें, हें त्यावरून समजत नाहीं. ज्यास तें समजून घ्यावयाचें असेल त्यानें प्रसिद्ध शिखरांच्या गर्दींतून बाजूस होऊन, देशाच्या नैर्ऋत्येस असलेल्या वाले नामक प्रांतांत चार दिवस घालवावे, अशी माझी शिफारस आहे.

वाले म्हणजे रोन नदीचें वरचें खोरें. नदी हिमांतून उगम पावते व पश्चिमेस वाहत जाऊन जिनीव्हाच्या सरोवरास मिळते. खोऱ्याच्या दोहों बाजूंस ४,००० मीटरांहून उंच शिखरें आहेत. तीं ढगांतील पाणी आधींच काढून घेतात. महाबळेश्वरीं मुसळधार पाऊस कोसळत असतां पूर्वेस फलटणचा शेतकरी आकाशाकडे डोळे लावून बसतो, हें आपण पर्जन्यछायेच्या पाठांत शिकलों आहों. येथेंहि तोच प्रकार. सियों ह्या मुख्य शहरीं वर्षास सुमारें ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांत पडतो जवळजवळ तितकाच! माथ्यावर बर्फाचे डोंगर, आणि पायथ्याशीं द्राक्षमळे व जर्दाळूच्या बागा तहानलेल्या, असा हा विलक्षण देश आहे.

ह्यावर तेथील शेतकऱ्यांनीं जो उपाय केला, तोच माझ्या मतें वालेमधील सर्वांत प्रेक्षणीय पदार्थ होय. उंचावरील हिमाचें वितळणारें पाणी त्यांनीं डोंगराच्या कडेकडेनें पाट काढून शेतांपर्यंत आणलें. फ्रेंच बोलणारे लोक ह्या पाटांस ‘बिस्’ म्हणतात. जेथें माती होती तेथें पाट खणला. जेथें सरळ कडा आडवा आला तेथें खडकास भोंकें पाडून त्यांत तुळया ठोकल्या व त्यांवर लांकडी पन्हळ बसविली. खालीं शेंकडों फूट खोल दरी, आणि दुरुस्तीस जाणाऱ्याच्या पायाखालीं एक फळी! सियोंजवळील साव्येझ गांवाचा ‘तोरां नफ’, म्हणजे ‘नवा ओढा’, ह्या नांवाचा पाट १४३० सालीं बांधावयास घेतला. दरवर्षीं हिमवादळें व दरडी त्याची मोडतोड करीत आणि दरवर्षीं गांवकरी तो सांधीत. ह्या कामांत पुष्कळांचे प्राण गेले. सुमारें पांचशें वर्षांनीं, १९३५ च्या सुमारास, डोंगरांतून बोगदा खणून पाणी आणलें तेव्हां कोठें हें संकट टळलें. आतां त्याच कड्यावरून प्रवाशांसाठीं भक्कम पाऊलवाट व झुलते पूल केले आहेत. ज्यांस घेरी येते त्यांनीं मात्र तेथें जाण्याचें साहस करूं नये.

आपल्याकडे पांझरेच्या कांठीं फड पद्धतीनें पाणी वांटण्याची रीत आहे व पाटावर पाटकरी नेमलेला असतो, हें धुळ्याकडील मुलांस ठाऊक असेल. वालेच्या पाटकऱ्याची एक युक्ति ऐकण्यासारखी आहे. पाटांत एक लहानसें चक्र बसवीत. पाण्यानें चक्र फिरे व त्यास जोडलेला लांकडी हातोडा फळीवर ठकठक वाजत राही. रात्रीं झोपडींत पडलेल्या पाटकऱ्याच्या कानीं हे ठोके येत असेपर्यंत चिंता नसे. ठोके थांबले कीं त्याची झोंप मोडे, कारण पाट कोठें तरी फुटला असें तो समजे व कंदील घेऊन निघे. पाणी कोणास किती तास मिळावयाचें, ह्याची नोंद लांकडाच्या तुकड्यांवर खांचा पाडून ठेवीत. ज्यांस लिहितांवाचतां येत नसे त्यांसहि हिशेब पाहतां येई. पाणीवांटपाच्या ह्या जुन्या रीतीस २०२३ सालीं युनेस्कोनें युरोपांतील इतर सहा देशांतील तशाच रीतींसह मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

सियों शहरीं व्हालेर नामक टेकडीवर किल्ल्यासारखें एक जुनें चर्च आहे. त्यांतील ऑर्गन हा आज वाजूं शकणाऱ्या जगांतील अत्यंत जुन्या ऑर्गनांपैकीं एक असून तो १४३० ते १४३५ च्या सुमाराचा आहे. ज्या पिढीनें तो भिंतीवर चढविला, त्याच पिढीनें समोरच्या डोंगरावर नवा ओढा टांगला.

सियोंहून उन्हाळ्यांत टपालखात्याची पिवळी मोटार देर्बोरांसच्या दरींत जाते. १७१४ व १७४९ सालीं वरचा डोंगर कोसळून येथील कुरणें गाडलीं गेलीं. पहिल्या खेपेस दगडांखालीं सांपडलेला एक गुराखी चीज व झिरपणारें पाणी ह्यांवर जगून कित्येक आठवड्यांनीं बाहेर आला, आणि गांवकऱ्यांस तो भूतच वाटला, असें सांगतात. ह्या हकीकतीवरून रामू ह्या कादंबरीकारानें १९३४ सालीं एक उत्तम कादंबरी लिहिली. दरड अडल्यानें तेथें एक निळेंहिरवें तळें झालें आहे, व भीतीमुळें कुऱ्हाड न लागलेलें अरण्य आज राखून ठेविलें आहे.

खोऱ्याच्या वरच्या भागीं, फीश गांवाच्या माथ्यावर, आलेच ही आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी आहे. तिची लांबी सुमारें २० किलोमीटर. १९१२ पासून चालणाऱ्या आगगाडीनें युंगफ्राउयोखवर, म्हणजे ३,४५४ मीटरांवर, जाणारे आपले असंख्य देशबांधव हिचा वरचा भाग पाहतात. खालच्या अंगास, शतकानुशतकें उभ्या असलेल्या देवदारजातीच्या झाडांतून ती पाहणारे थोडे. हिच्या कडेस मेर्येलेन नांवाचें तळें असे. बर्फाच्या बांधाखालून त्यास एकाएकीं वाट सांपडे आणि खालचीं शेतें वाहून जात. म्हणून १६७८ सालीं फीशच्या लोकांनीं नवस केला कीं, आम्ही सदाचारानें वागूं, देवानें हिमनदीची वाढ रोखावी. पुढें हवा उष्ण होत गेली. १८६० नंतर हिमनदी तीन किलोमीटरांहून अधिक मागें हटली. आतां पाणीच आटेल कीं काय, अशी भीति पडली. तेव्हां ह्या कॅथॉलिक गांवांनीं पोपकडे विनंति केली, व २०१० सालीं त्यांच्या अनुमतीनें ती जुनी प्रार्थना उलटली. आतां तेथें हिमनदी वाढावी म्हणून प्रार्थना होते.

आलेचच्या पश्चिमेस लोचेनताल ही चिंचोळी दरी आहे. फेब्रुवारींत, राखेच्या बुधवारापर्यंत, लांकडाचे भयानक मुखवटे व मेंढ्यांचीं कातडीं घालून तरुण येथील गल्ल्यांतून फिरतात. ते मुखवटे किपेल गांवच्या संग्रहालयांत पाहतां येतात. ह्याच दरींत ब्लाटन हें गांव होतें. २०२५ च्या मे महिन्यांत त्याच्या वरील डोंगराचे कडे सुटून बिर्च हिमनदीवर पडूं लागले. डोंगराची हालचाल मोजणाऱ्यांनीं धोका ओळखला, आणि १९ तारखेस सुमारें ३०० रहिवाश्यांस घरें सोडण्याचा हुकूम झाला. गुरेंहि हलविलीं; एका जखमी गाईस तर हेलिकॉप्टरनें उचलून नेलें. नऊ दिवसांनीं, २८ मे रोजीं, हिमनदी दगडांसह खालीं आली आणि बहुतेक गांव गाडून गेलें. अडलेल्या नदीच्या पाण्यांत उरलेलीं घरें बुडालीं. मनुष्यहानि एकाच गृहस्थाची झाली.

जे कोणी तिकडे जातील त्यांनीं तो ढिगारा पाहण्याच्या हौसेनें मात्र जाऊं नये. ज्यांचीं घरें त्याखालीं आहेत, ते लोक दरींतच शेजारच्या गांवीं राहत आहेत. ब्लाटन पुन्हा वसविण्याचें त्यांनीं ठरविलें आहे, व वरच्या डोंगराची मोजणी चालू आहे.