कर्ज, पत आणि त्याग : दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचे आर्थिक वाचन

मराठी चरित्रवाङ्मयात कर्तृत्ववान व्यक्तीचे दारिद्र्य हे बहुधा तिच्या थोरवीचे प्रमाण म्हणून येते. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके (1870–1944) यांच्याविषयीचे लेखन या प्रवृत्तीला अपवाद नाही. विम्याची पॉलिसी, पत्नीचे दागिने, काशीचा प्रवास आणि नाशिकमधील उपेक्षित अखेर हे टप्पे क्रमाने सांगितले की त्यागाचे एक आख्यान सिद्ध होते. या आख्यानात तथ्य आहे. परंतु त्यामुळे भांडवल कोणाचे होते आणि निर्णयाचा अधिकार कोणाकडे होता, हे प्रश्न झाकले जातात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांच्या आधारे फाळक्यांच्या जीवनाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

चित्रपटाकडे वळण्यापूर्वीच फाळक्यांना भागीदारीचा कटू अनुभव आला होता. मुद्रणव्यवसायात नाव मिळवूनही भागीदारांशी मतभेद झाल्यामुळे त्यांनी छापखाना सोडला. 1912 मध्ये चित्रपटतंत्राचे शिक्षण आणि यंत्रसामग्री यांसाठी ते लंडनला गेले, ते विम्याच्या तारणावर कर्ज काढून. परत आल्यावर ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीसाठी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. सुमारे 3700 फूट लांबीचा हा चित्रपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांसमोर आला. या उद्योगाचे पहिले भांडवल असे घरातूनच उभे राहिले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, फिल्मला छिद्रे पाडण्यापासून मंडळींच्या जेवणापर्यंतचे श्रमही केले. तरीही ‘सहधर्मचारिणीचा त्याग’ या शब्दांपलीकडे त्यांची नोंद क्वचितच होते. वस्तुतः त्या या उद्योगाच्या पहिल्या गुंतवणूकदार होत्या.

पहिल्याच चित्रपटाची कथा ऋणाची असावी, हा योगायोग चरित्रकारांना मोहात पाडणारा आहे. विश्वामित्राच्या दक्षिणेसाठी पत्नी आणि पुत्र यांना विकणारा राजा आणि घरातील सोने गहाण ठेवणारा निर्माता यांचे साम्य सहज जुळते. परंतु ते तेथेच थांबते. हरिश्चंद्राचे ऋण ही सत्त्वपरीक्षा असून तिच्या शेवटी देव सर्व काही परत देतात. फाळक्यांचे ऋण व्यवहारातील होते. त्याला व्याज होते, मुदत होती आणि सावकाराच्या विश्वासाची मर्यादाही होती. पुराणातील ऋणाची भाषा व्यवहारातील ऋणाला लावली की अपयशाची कारणे शोधण्याची गरजच उरत नाही.

या दृष्टीने फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात 1917–18 मध्ये लिहिलेले लेख महत्त्वाचे ठरतात. मराठी आत्मपर गद्याच्या अभ्यासात त्यांना मिळावयास हवे तेवढे स्थान मिळालेले नाही. या लेखांत चित्रपट हा स्वदेशी उद्योग म्हणून उभा राहतो आणि त्याच्या अडचणीही उद्योजकाच्या नजरेने मांडल्या जातात. चित्रपटांना प्रेक्षक लाभले, त्यांतून उत्पन्नही झाले. पण एका चित्रपटाच्या उत्पन्नावर पुढील चित्रपट उभा करावयाचा, अशी ही व्यवस्था होती. गंगाजळी नसलेल्या अशा उद्योगाला एकच धक्का पुरेसा असतो. 1914 च्या महायुद्धाने तो दिला. फाळके दुसऱ्यांदा लंडनला गेले असता युद्ध सुरू झाले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला.

‘लंकादहन’च्या (1917) मोठ्या यशानंतर चित्र पालटले. फाळक्यांच्या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर व्हावे, असा प्रयत्न लोकमान्य टिळकांसारख्यांनी केला. तो फलद्रूप झाला नाही. 1918 मध्ये ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ ही भागीदारी अस्तित्वात आली. तीत फाळके काम करणारे भागीदार, वामन श्रीधर आपटे व्यवस्थापक आणि इतर भांडवल पुरविणारे होते. चित्रपट करणारा आणि खर्च मंजूर करणारा असे दोन पक्ष येथे वेगळे झाले. मतभेद विकोपाला गेल्यावर फाळके काशीला गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुढे ते कंपनीत परतले, पण आता त्यांच्या कलेचा हिशेब इतरांच्या वहीत मांडला जात होता.

याच संदर्भात ‘सेतुबंधन’ची हकीकत उद्बोधक आहे. कंपनीबाहेर पडून फाळक्यांनी हाती घेतलेल्या या मूकपटाचे चित्रण हंपी, मद्रास आणि रत्नागिरी येथे झाले. पावसपासून काही कोसांवर असलेल्या या किनाऱ्याने लंकेकडे निघालेल्या रामकथेला समुद्र पुरविला. पैसा मात्र मध्येच संपला. काम दीर्घकाळ थांबले आणि अखेर जुन्या कंपनीच्याच मदतीने ते पुरे करावे लागले. दरम्यान 1931 मध्ये ‘आलम आरा’ प्रदर्शित होऊन बोलपटाचे युग सुरू झाले होते. मूक म्हणून सुरू झालेल्या चित्रपटाला मागाहून ध्वनी जोडावा लागला. भांडवलाच्या तुटवड्याने वेळ गेला आणि गेलेल्या वेळेने तंत्रच जुने ठरविले.

येथे ‘प्रभात’शी तुलना उपयुक्त ठरेल. 1929 मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या या संस्थेच्या पाच भागीदारांपैकी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चौघे स्वतः चित्रपट घडविणारे होते. सीताराम कुलकर्णी हे भांडवलाची बाजू सांभाळीत. मतभेद तेथेही पुढे झालेच. पण निर्मात्यांचा आवाज प्रारंभापासून बहुमताचा होता. फाळक्यांना असा आधार कधीच लाभला नाही. प्रतिभा दोन्हीकडे होती. फरक मालकीच्या रचनेचा होता.

1937 चा ‘गंगावतरण’ हा फाळक्यांचा एकमेव बोलपट त्यांनी कोल्हापूर सिनेटोनसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या संस्थेत दिग्दर्शित केला. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. 1969 पासून त्यांच्या नावाने भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च शासकीय पुरस्कार दिला जातो. नावाला मिळालेली ही पत त्या नावाच्या धन्याला हयातीत कर्जापुरतीही पुरली नव्हती. म्हणून फाळक्यांचे चरित्र शिकविताना त्यागाच्या प्रकरणाशेजारी हिशेबाची वही उघडून ठेवणे आवश्यक आहे. त्याने त्यांची थोरवी उणावत नाही. ज्याला आपण दैव म्हणत आलो, त्यात माणसांनी केलेल्या करारांचा वाटा किती होता, एवढे मात्र स्पष्ट होते.