वाचणारा थ्रेड अडवायचा नाही

सई, तू पायथनमध्ये आयआरसी या गप्पांच्या प्रोटोकॉलचा क्लायंट लिहायला घेतलास हे दादाकडून कळलं. निवड चांगली केलीस. प्रोटोकॉल जुना म्हणून नाक मुरडू नकोस. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट 1988 मध्ये तो सुरू केला, मे 1993 मध्ये आरएफसी 1459 म्हणून तो कागदावर आला, आणि अजूनही तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येतो. एका ओळीत एक निरोप, शेवटी सीआर आणि एलएफ हे दोन बाइट, आणि सगळं धरून ओळ जास्तीत जास्त 512 बाइटांची. इतक्या साध्या प्रोटोकॉलमध्ये काही बिघडलं तर त्याचं खापर प्रोटोकॉलवर फोडता येत नाही. घोळ आपल्या थ्रेडमध्ये असतो, नाहीतर सॉकेट वाचण्यात. शिकणाऱ्याला हेच हवं.

थ्रेड लागतात कशाला, ते आधी नीट समजून घे. क्लायंटला दोन ठिकाणी लक्ष ठेवायचं असतं. कीबोर्डवरून ओळ येईपर्यंत एक कॉल थांबून राहतो, सॉकेटवरून बाइट येईपर्यंत दुसरा. दोन्ही एकाच थ्रेडमध्ये एकामागे एक लिहिलेस की तू एंटर दाबेपर्यंत समोरच्याचं बोलणं स्क्रीनवर येत नाही. आणि सर्व्हरने पाठवलेला पिंगही तसाच पडून राहतो. त्याला वेळेत पाँग गेला नाही की सर्व्हर तुला बाहेर काढतो. ‘पायथनमध्ये जीआयएल असतो, थ्रेडचा काय उपयोग’ असं कुणीतरी कॉलेजात सांगेलच. जीआयएल म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं कुलूप, पण सॉकेटवर थांबताना पायथन ते सोडून देतं. आपला क्लायंट बहुतेक वेळ थांबूनच असतो, त्यामुळे आपल्या कामाला जीआयएल आड येत नाही.

आता मुख्य गोष्ट. सॉकेटमधून वाचायचं ते फक्त एका थ्रेडने. सॉकेटवर लिहायचं ते फक्त दुसऱ्याने. स्क्रीनला हात लावायचा तो फक्त मुख्य थ्रेडने. सातबाऱ्यावर एकच नाव असलं की भावकीत भांडण होत नाही, तसंच हे. तिघांना एकमेकांशी बोलायचं असेल तर मध्ये दोन रांगा ठेव, पायथनची क्यू त्यासाठीच आहे: एक ‘पाठवायचं’ रांग, एक ‘दाखवायचं’ रांग. वाचणाऱ्याला पिंग दिसला तर त्यानेही पाँग थेट सॉकेटवर लिहायचा नाही, पाठवायच्या रांगेत टाकायचा. दोन थ्रेड एकाच सॉकेटवर लिहायला लागले की एखाद्या दिवशी तुझ्या वाक्याच्या मधोमध पाँग घुसतो. तो दिवस टेस्टिंगचा नसतो, डेमोचा असतो.

‘मग लॉक लावू ना’ असं म्हणशील. लॉक वाईट नाही, पण लॉक धरलेला असताना सॉकेटवर लिहिणं अडलं तर लॉक मागणारे सगळेच अडतात. त्यात वाचणारा सापडला तर संपलंच. समोरचा सर्व्हर तुझ्याकडे पाठवतोय, तू वाचत नाहीस, त्याचा बफर भरतो, तो लिहिताना अडतो, म्हणून तोही तुझं वाचत नाही, आणि तुझं लिहिणंही अडतं. दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि लॉगमध्ये एकही एरर नसते. म्हणून वाचणाऱ्या थ्रेडला वाचण्याशिवाय काम देऊ नकोस. फाइलमध्ये इतिहास लिहिणं, नावाला रंग देणं, घंटी वाजवणं, हे सगळं पलीकडच्यांनी करावं.

स्क्रीनचंही तेच. टर्मिनलवर तू अर्धं वाक्य टाइप केलेलं असतं आणि वाचणाऱ्याने मध्येच प्रिंट केलं की तुझ्या वाक्याचा चिवडा होतो. खिडकीवाला क्लायंट करणार असशील तर टीकिंटरमध्ये ‘आफ्टर’ वापरून दर शंभर मिलिसेकंदांनी दाखवायची रांग उपसायची. अँड्रॉइड तर मुख्य थ्रेडवर नेटवर्कचं काम केलंस की सरळ एक्सेप्शन फेकतं. योग्यच करतं.

यापुढचा भाग सावकाश वाच, कारण मराठीत लिहिणाऱ्याला तो जास्त छळतो. टीसीपी निरोप पोचवत नाही, बाइट पोचवतो. क्रम बरोबर असतो, पण निरोप कुठे सुरू झाला आणि कुठे संपला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तू एकदा पाठवलेली ओळ समोर तीन तुकड्यांत येऊ शकते, किंवा तीन ओळी एका घासात येऊ शकतात. स्वतःच्याच मशीनवर दोन्ही प्रोग्राम चालवून बघितलंस तर बहुतेक वेळा एक पाठवणं म्हणजे एक येणं असंच दिसतं, आणि माणूस त्यावर विसंबतो.

‘नमस्कार’ घे. न, म, स, हलन्त, क, काना, र असे सात संकेत. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात, म्हणजे हे 21 बाइट झाले. समज, पहिल्या रिसीव्हमध्ये त्यातले 16 आले. पाच संकेत पूर्ण, आणि कान्याच्या तीन बाइटांपैकी एकच. हा तुकडा आल्या आल्या डीकोड केलास तर पायथन एक्सेप्शन देईल. त्यावर उपाय म्हणून डीकोड करताना ‘इग्नोर’ लावणारे महाभाग खूप आहेत. मग काय होतं? पहिल्या तुकड्यातून ‘नमस्क’ निघतं, दुसऱ्या तुकड्यातले तुटलेल्या कान्याचे दोन बाइट गुपचूप गाळले जातात, उरतो ‘र’. स्क्रीनवर ‘नमस्कर’. एरर नाही, इशारा नाही, फक्त काना गेला. इंग्रजीत टेस्ट करणाऱ्याला हे आयुष्यभर दिसणार नाही, कारण आस्कीचं अक्षर एकाच बाइटात मावतं, ते तुटणार कुठे?

उपाय सोपा आहे. आलेले बाइट बफरमध्ये जोडत जा, डीकोड करू नकोस. बफरात एलएफ सापडला की तिथपर्यंतची ओळ काप, मग ती पूर्ण ओळ डीकोड कर, आणि उरलेले बाइट पुढच्या फेरीसाठी ठेव. एका फेरीत अनेक ओळी निघू शकतात, म्हणून ‘इफ’ नको, ‘व्हाइल’ हवा. बाइटांच्या पातळीवर कापणं सुरक्षित आहे, कारण एलएफची किंमत 10 आणि देवनागरी अक्षरातला प्रत्येक बाइट 128 किंवा त्याहून मोठा. अक्षराच्या पोटात चुकून एलएफ सापडणं शक्य नाही. पूर्ण ओळीला ‘रिप्लेस’ लावायला मात्र हरकत नाही. आरएफसी 1459 ने अक्षरसंच ठरवून दिलेला नाही, त्यामुळे कुणी लॅटिन-1 मध्येही लिहिलेलं असू शकतं, आणि त्या एका ओळीपायी क्लायंट पडायला नको. बफरला वरची मर्यादाही घाल. एलएफ न पाठवता बाइट ओतत राहणारा सर्व्हर भेटला तर तुझी सगळी मेमरी खाईल.

पाठवतानाही हे लक्षात ठेव. 512 मधून सीआर-एलएफ वजा जाता उरले 510, म्हणजे फार तर 170 देवनागरी संकेत. त्यातून आज्ञेचे आणि चॅनेलच्या नावाचे बाइट जातात. शिवाय निरोप इतरांना पाठवताना सर्व्हर ओळीच्या आधी तुझं नाव-पत्ता जोडतो; ओळ मर्यादेबाहेर गेली तर शेपूट कापली जाते, ती अक्षराच्या मध्येही. म्हणून लांब वाक्याचे भाग तूच पाड, आणि शब्दांमधल्या जागेवर पाड. संकेताच्या सीमेवर कापलंस तरी जोडाक्षर फुटू शकतं.

पाठवायला नुसता ‘सेंड’ वापरू नकोस. तो कमी बाइट घेऊन परत येऊ शकतो. ‘सेंडऑल’ सगळे जाईपर्यंत थांबतो. मजकूर आणि सीआर-एलएफ एकत्र जोडूनच एका कॉलमध्ये दे. हे का, ते ऐक. कळ दाबली की एक बाइट, आणि त्याच्यासोबत 40 बाइटांचं हेडर, अशा उधळपट्टीवर फोर्ड एरोस्पेसमध्ये काम करणाऱ्या जॉन नेगल यांनी जानेवारी 1984 मध्ये आरएफसी 896 मधून तोडगा सुचवला: आधीच्या डेटाची पोच येईपर्यंत पुढचा छोटा तुकडा रोखून धरायचा. पलीकडची बाजू मात्र पोच द्यायला मुद्दाम थोडा उशीर करते. दोन तुकड्यांत लिहिलंस की तुझा दुसरा तुकडा पोचेची वाट बघतो आणि पोच पुढच्या डेटाची. त्यात दोनशे मिलिसेकंदांपर्यंत वेळ सहज जातो. लोक लगेच ‘नोडिले’चा पर्याय चालू करायला धावतात. आधी एकत्र लिहून बघ, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आणि सेंडऑल यशस्वी झालं म्हणजे निरोप पोचला असं समजू नकोस. तो तुझ्याच मशीनच्या कर्नलच्या बफरात पडला, एवढाच त्याचा अर्थ. वायफाय गेलं तरी सेंडऑल हसत हसत परत येईल. पोच न मिळालेला डेटा लिनक्स साधारण पंधरा मिनिटं पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मग हार मानतो. आणि पाठवायला काहीच नसेल तर कनेक्शन मेलंय हे कुणालाच कळत नाही. टीसीपीचं कीपअलाइव्ह चालू केलंस तरी लिनक्सवर पहिली चौकशी मुळात 7,200 सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. गप्पांच्या प्रोग्रामला ते काय कामाचं? दोनेक मिनिटं सर्व्हरकडून एकही ओळ आली नाही तर आपणच पिंग पाठवायचा, अर्ध्या मिनिटात काहीच आलं नाही तर कनेक्शन मेलं असं धरायचं. रिसीव्हने शून्य बाइट दिले तर समोरच्याने रीतसर दार लावलं आहे. तिथे लूप थांबव, नाहीतर तो शून्य बाइट वाचत शंभर टक्के सीपीयू खात बसतो.

पुन्हा जोडताना उतावळेपणा करू नकोस. एक सेकंद, दोन, चार, आठ, असं वाढवत नेऊन पाचेक मिनिटांवर थांब, आणि प्रत्येक वेळी थोडी यादृच्छिक भर घाल, म्हणजे सर्व्हर उठताच सगळे क्लायंट एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडणार नाहीत. हा आकडा परत एकावर आणायचा तो सॉकेट जोडल्यावर नव्हे, सर्व्हरचा 001 हा स्वागताचा क्रमांक आल्यावर. परत गेल्यावर 433 मिळाला, म्हणजे ‘हे नाव आधीच वापरात आहे’, तर गोंधळू नकोस: सर्व्हरला तुझं जुनं कनेक्शन अजून जिवंत वाटतंय. दुसरं नाव घेऊन आत जा. आणि नव्या कनेक्शनला रांगा आणि थ्रेड नवेच दे. जुन्या रांगेत उरलेला पाँग नव्या सर्व्हरला नको.

बंद करणं चालू करण्यापेक्षा अवघड असतं. दुसऱ्या थ्रेडने सॉकेट ‘क्लोज’ केलं म्हणून रिसीव्हवर थांबलेला थ्रेड लिनक्सवर जागा होतोच असं नाही. आधी ‘शटडाउन’ कर, त्याने तो जागा होतो. क्रम असा ठेव: रांगेत क्विट, त्यामागे ‘नन’ टाक. लिहिणाऱ्याला नन दिसला की तो आपली बाजू शटडाउन करून निघतो, सर्व्हरने दार लावलं की वाचणाऱ्याला शून्य बाइट मिळतात, तोही निघतो, मग मुख्य थ्रेडने दोघांची वाट बघून क्लोज करायचं. वाट बघण्याला दोनेक सेकंदांची मर्यादा ठेव, आणि सर्व्हर ढिम्म राहिला तर दोन्ही बाजूंनी शटडाउन.

टेस्टसाठी खऱ्या सर्व्हरवर जाऊ नकोस. पंचवीसेक ओळींचा खोटा सर्व्हर लिही. त्याने ‘नमस्कार’चे बाइट एकेक करून, मध्ये थोडं थांबून पाठवावेत. मग तीन ओळी एका दमात. मग अर्धी ओळ पाठवून कनेक्शन तोडावं. मग नुसतं गप्प बसावं. थ्रेडना नावं दे आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत थ्रेडचं नाव येऊ दे. प्रोग्राम लटकला तर पायथनचं ‘फॉल्टहँडलर’ प्रत्येक थ्रेड कुठल्या ओळीवर उभा आहे ते छापून देतं.

सगळं जमल्यावर 6667 सोडून 6697 वर, म्हणजे टीएलएसवर जाशील, तेव्हा मात्र मांडणी बदलावी लागेल. ओपनएसएसएलमध्ये एका कनेक्शनचा ऑब्जेक्ट दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरायचा नसतो, मग एक वाचतोय आणि एक लिहितोय असं असलं तरी. तिथे वाचणं-लिहिणं दोन्ही एकाच थ्रेडकडे दे, सॉकेट नॉन-ब्लॉकिंग कर आणि ‘सिलेक्टर्स’ वापर. पाठवायच्या रांगेत काही पडलं की त्या थ्रेडला उठवायला एक सॉकेटपेअर ठेव आणि त्यात एक बाइट टाक.