जागा आधी आखून घ्या

आम्ही तंजावरी मराठी. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ. कुंभकोणमच्या उकाड्यात पुरुषमाणूस घरी वेष्टीवरच, म्हणजे कमरेला गुंडाळलेल्या धोतरावरच, वावरतो. त्या वेष्टीची गाठ जिथे बसते, नेमका तिथेच माझा स्टोमा निघाला.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे मोठं आतडं काढावं लागलं आणि लहान आतड्याचं तोंड पोटावर आलं. या तोंडाला स्टोमा म्हणतात, आणि अशा ऑपरेशनला आइलिओस्टॉमी. ऑपरेशनची तारीख आधीच ठरली होती, घाई कसलीच नव्हती. तरी मला उभं करून, बसवून, वाकवून पोटावर स्टोमाच्या जागेची खूण कुणी केली नाही. आडव्या पोटावर वळ्या दिसत नाहीत. घरी येऊन बसलो की वळी पडायची, मल गोळा करणाऱ्या पिशवीची कातडीला चिकटवलेली प्लेट एका कडेने सुटायची आणि पाचक रस मिसळलेला पातळ मल कातडीवर यायचा. हे रस कातडीही पचवतात. सर्जन टाके बघायचे आणि म्हणायचे, 'छान भरलंय.' टाके छानच होते.

सुटका झाली ती वेल्लूरच्या सीएमसी रुग्णालयात स्टोमा नर्स भेटली तेव्हा. हा पेशाच मुळी एका रुग्णापासून सुरू झाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ साली डॉ. टर्नबुल यांनी नॉर्मा गिल या आपल्याच रुग्ण स्त्रीला या कामाला लावलं. तिला स्वतःला आइलिओस्टॉमी होती. माझ्या नर्सने मला मधे फुगीर प्लेट आणि पट्टा दिला, आणि पहिलीच गोष्ट केली ती म्हणजे स्टोमाचं माप घेतलं. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. पहिल्या दिवशीच्या मापाने प्लेटला भोकं पाडत राहिलात तर कातडी उघडी पडते. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं, त्याहून नाही. प्लेटखाली तेल, क्रीम काही नको. कातडी कोरडी हवी. पिशवी अर्धी भरायच्या आत रिकामी करा, नाहीतर वजनानेच ती उचकटते. पिशव्यांचा साठा उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या. मोठं आतडं गेलं की पाण्याबरोबर मीठही जातं. नुसतं पाणी ढोसल्याने भागत नाही, उलट पिशवी जास्त भरते. लघवी कमी झाली, पायात गोळे आले, भोवळ आली तर ओआरएस घ्या आणि डॉक्टरांना कळवा. सुरुवातीचे आठवडे खोबरं टाळायचं असतं, त्याचा चोथा अडकतो. (कावेरीकाठी हे पाळणं ऑपरेशनपेक्षा अवघड.) पोटात कळा, उलटी आणि पिशवी कोरडी, असं झालं तर जुलाबाचं औषध अजिबात घेऊ नका, थेट रुग्णालय गाठा. स्टोमा काळा-जांभळा पडला तरीही तेच.

मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. गावात कुणी नसेल तर तिथे विचारा. आणि तुमच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली असेल, तर रोजचेच कपडे घालून जा आणि सर्जनना विचारा, 'स्टोमाची जागा कोण आखणार आणि कधी?' याचं उत्तर मिळाल्यावरच संमतीपत्रावर सही करा.