वरचा ओझोन, खालचा ओझोन आणि पिकांचे उत्पादन

ओझोन हा ऑक्सिजनच्या तीन अणूंनी बनलेला, तीव्र वासाचा वायू आहे. क्रिस्टियान शोनबाइन या शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये तो ओळखला. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन स्थितांबरात, प्रामुख्याने १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. उर्वरित ओझोन त्याखालील तपांबरात, म्हणजे जमिनीपासून सुरू होणाऱ्या थरात आढळतो. दोन्हींची रासायनिक रचना एकच असली, तरी सजीवांवरील त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध आहेत.

संरक्षक थर

स्थितांबरातील ओझोन सूर्याची घातक अतिनील किरणे शोषून घेतो. ही किरणे अधिक प्रमाणात भूपृष्ठावर पोहोचल्यास मानवात त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो, तसेच वनस्पतींची वाढ खुंटते. शीतकरण यंत्रांतील क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे या थराचा ऱ्हास होऊ शकतो, असे मोलिना व रोलँड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. अंटार्क्टिकावरील ओझोन छिद्राची नोंद १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सहभागी झाला.

या ऱ्हासात शेतीचाही वाटा होता. जमीन निर्जंतुक करण्यासाठी आणि साठवणुकीतील धान्याच्या धुरीकरणासाठी वापरले जाणारे मिथाइल ब्रोमाइड ओझोनचा नाश करते. विलगीकरण व निर्यातपूर्व प्रक्रिया हे अपवाद वगळता विकसनशील देशांतही त्याचा वापर २०१५ पर्यंत थांबविण्याचे ठरले. करारातील निर्बंध पाळले गेल्यास अंटार्क्टिकावरील थर २०६६ च्या सुमारास, तर ध्रुवीय प्रदेशांव्यतिरिक्त इतरत्र २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असा आंतरराष्ट्रीय मूल्यांकनाचा अंदाज आहे.

जमिनीलगतचा ओझोन

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहने, औष्णिक वीजकेंद्रे, कारखाने आणि काडीकचरा जाळणे यांतून निघणारी नत्राची ऑक्साइडे व बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यात सूर्यप्रकाशात अभिक्रिया होऊन तो तयार होतो. म्हणून निरभ्र आकाश असलेल्या उष्ण दुपारी त्याचे प्रमाण वाढते. शहरातील रहदारीतून निघणारे नायट्रिक ऑक्साइड ओझोनला काही अंशी नष्ट करते. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेतील ग्रामीण भागात त्याची पातळी शहरापेक्षा अधिक आढळू शकते.

पिकांवरील परिणाम

ओझोन पर्णरंध्रांतून पानात शिरतो व तेथे पेशींना इजा करणारी क्रियाशील ऑक्सिजन संयुगे निर्माण करतो. परिणामी हरितद्रव्य घटते, प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि पाने अकाली पिवळी पडतात. गहू, सोयाबीन, कापूस व कडधान्ये ही पिके तुलनेने अधिक संवेदनशील आहेत. उत्तर व मध्य भारतात गव्हाचे दाणे भरण्याच्या काळात ऊन वाढू लागते आणि त्याबरोबर ओझोनही वाढतो. त्यामुळे दाण्यांची संख्या व वजन कमी होते. पानांवर ठिपके दिसलेच, तर ते रोग किंवा अन्नद्रव्यांची कमतरता समजले जाण्याचा संभव असतो. अनेकदा तर कोणतेही लक्षण न दिसताच उत्पादन घटते.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला, संगणकीय प्रतिमानावर आधारित अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू शतकाच्या पहिल्या दशकातील स्थितीवरून त्यात गव्हाचे सुमारे ३५ लाख टन व भाताचे सुमारे २१ लाख टन वार्षिक नुकसान अनुमानित केले आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यासाठी दरवर्षी लागणाऱ्या ६१२ लाख टन धान्याच्या तुलनेत हे नुकसान सुमारे ९ टक्के भरते.

आरोग्यावरील परिणाम

ओझोनमुळे खोकला, घशाची जळजळ व छातीत जडपणा जाणवतो. दम्याचा त्रास बळावतो. भारतीय मानकांनुसार आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. भर दुपारी शेतात श्रम करणाऱ्यांचा श्वसनवेग वाढलेला असल्याने त्यांच्या फुप्फुसांत हा वायू अधिक जातो. शक्य तेथे कष्टाची कामे सकाळी उरकणे हितावह ठरते.

उपाययोजना

ओझोनवर फवारणीचा व्यवहार्य उपाय शेतकऱ्यांच्या हाती नाही. वाणावाणांत सहनशीलतेचा फरक आढळतो. त्यामुळे ओझोन-सहनशीलता हा निकष वाणनिर्मितीत समाविष्ट होणे आवश्यक आहे. पाण्याचा ताण असताना पर्णरंध्रे मिटत असल्याने ओझोन कमी शिरतो, मात्र त्यासाठी सिंचन रोखणे हा उपाय नव्हे. ताणाने होणारी हानी निराळीच असते. पेंढा, पाचट व इतर पीक अवशेष न जाळता जमिनीत मिसळणे अथवा आच्छादनासाठी वापरणे हे शेतकऱ्यांना करता येण्याजोगे आहे. उर्वरित जबाबदारी वाहतूक, ऊर्जा व उद्योग या क्षेत्रांची आहे. वरच्या ओझोनसाठी राष्ट्रांनी एकत्र येऊन रसायनांवर बंधने घातली. खालच्या ओझोनसाठीही त्याच्या पूर्वगामी प्रदूषकांवर तशीच बंधने लागू झाल्यास पिकांचे हे न दिसणारे नुकसान टळू शकेल.