सामाईक फाइल पॉइंटरचे स्थान विचारण्यापूर्वी



समांतर संगणनात अनेक प्रक्रिया, म्हणजे एकाच प्रोग्रॅमच्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या प्रती, मिळून एक फाइल उघडतात, तेव्हा १९९७ च्या एमपीआय-२ या मानकाप्रमाणे प्रत्येकीला स्वतःचा फाइल पॉइंटर मिळतो आणि त्याखेरीज सर्वांचा मिळून एक सामाईक पॉइंटर असतो, जो त्याच्याद्वारे कोणीही लिहिले तरी सगळ्यांसाठीच पुढे सरकतो. हा पॉइंटर कोठे आहे हे एमपीआय_फाइल_गेट_पोझिशन_शेअर्ड सांगते. ही विचारणा सामूहिक नाही. कोणतीही प्रक्रिया एकटीने ती करू शकते, आणि सर्वांत अधिक सावध राहायचे ते याच सोयीपाशी.

उत्तर बाइटमध्ये मिळत नाही. फाइलच्या व्ह्यूमध्ये, म्हणजे सुरुवातीचे अंतर व घटकांची मांडणी ठरवणाऱ्या वर्णनात, जो मूळ घटक ठरवला असेल त्याच्या मापात ते येते. आरंभी ६४ बाइटांचे शीर्ष सोडून चार-चार बाइटांचे पूर्णांक सलग मांडले असतील, तर ४०० या उत्तराचा अर्थ १६६४ वा बाइट-ऑफसेट असा होतो. हे रूपांतर हाताने न करता एमपीआय_फाइल_गेट_बाइट_ऑफसेटकडे सोपवावे.

याहून गंभीर गोष्ट काळाची आहे. एका प्रक्रियेने स्थान विचारले, ३०० हे उत्तर मिळाले आणि त्या जागी तिने स्पष्ट ऑफसेट देऊन लिहिले. दरम्यान दुसरीने सामाईक पॉइंटरने तेथेच शंभर पूर्णांक लिहिले असतील, तर एकीचा मजकूर दुसरीखाली गाडला जातो, तरीही दोन्ही कॉल यशस्वी ठरतात आणि त्रुटीचा संकेत कोठेही उमटत नाही. शिवाय लेखनाची क्रिया सुरू होताच पॉइंटर पुढे सरकवला जात असल्याने, अवरोध न करणाऱ्या लेखनात मिळालेले स्थान जागा राखून ठेवल्याचे सांगते, मजकूर लिहून झाल्याचे नव्हे.

म्हणून विचारणा शांत क्षणी करावी. सर्वांची लेखने पूर्ण व्हावीत, मग बॅरिअर, म्हणजे सर्वांनी एकमेकांसाठी थांबण्याची जागा, यावा आणि नंतर शून्य रँकच्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या, प्रक्रियेने एकटीने स्थान विचारून ते ब्रॉडकास्टने सर्वांना द्यावे. ते मिळेपर्यंत बाकीच्या पुढे जाऊ शकत नसल्याने दुसऱ्या बॅरिअरची गरज उरत नाही. प्रत्येकीने स्वतंत्रपणे विचारायचे ठरवले, तर मात्र तो हवाच, एरवी वेगवान प्रक्रिया नवे लेखन सुरू करते आणि मंद प्रक्रियेला वेगळेच उत्तर मिळते. पुढे त्याच जागी परतण्यासाठी वापरायचे एमपीआय_फाइल_सीक_शेअर्ड सामूहिक असून त्यात सर्वांना एकच ऑफसेट द्यावा लागतो, तेव्हा ब्रॉडकास्टने मिळालेली ही एकवाक्यता तेथेही उपयोगी पडते.

आपली नोंद फाइलमध्ये नेमकी कोठे जाईल हे प्रत्येक प्रक्रियेला आधीच हवे असेल, तर सामाईक पॉइंटरचा नाद सोडावा. नोंदींच्या लांबींची एमपीआय_एक्सस्कॅनने आधीच्या रँकांपर्यंतची बेरीज करून प्रत्येकीने आपला ऑफसेट काढावा आणि एमपीआय_फाइल_राइट_ॲट_ऑलने लिहावे.