कॅम्पचं पत्र म्हणजे निवड नव्हे

मुलगा दहावीत गेला आणि न्यू जर्सीतल्या आमच्या घरी कॉलेजांची पत्रं येऊ लागली. गुळगुळीत जाड कागद, वर त्याचं नाव, खाली कोचची छापील सही. त्याने ती भिंतीवर ओळीने चिकटवली. मंडळाच्या गणपतीत आम्हीही हळूच विषय काढायचो. (कुणाचं पोर स्पेलिंग बीमध्ये, तर आमचं बास्केटबॉलमध्ये!) त्यातली बहुतेक पत्रं म्हणजे उन्हाळी कॅम्पची जाहिरात निघाली, आणि कॅम्पला फी भरूनच जायचं. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सर्वांत वरच्या स्तराच्या, कोचना मुलाशी थेट बोलायची मुभाच मुळी दहावी संपल्यावर, १५ जूनपासून असते. त्यानंतरही फोन वाजला नाही, तर पत्रांना रद्दीचा भाव.

उन्हाळी संघाचा कोच मात्र 'पोरगं डिव्हिजन वनचंच' म्हणत राहिला. आम्ही पेट्रोल, मोटेल आणि आमच्याच पोराचा खेळ बघायच्या तिकिटावर पैसे घालत राहिलो.

पोरांना लेब्रॉन जेम्स तोंडपाठ असतो: २००३, शाळेतून थेट एनबीए. याच न्यू जर्सीत, ओल्ड टॅपनच्या शाळेकडून खेळलेला लेनी कुक त्यांना ठाऊक नसतो. एके काळी त्याचं नाव लेब्रॉनच्याही वर घेतलं जायचं. २००२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणीच उचललं नाही. एनबीएचा एकही सामना तो खेळला नाही. २००६ पासून तर ती थेट वाटच बंद आहे. वय १९ हवं आणि शाळा सुटून वर्ष झालेलं हवं. ड्राफ्टच्या जागा साधारण ६०, त्यातही युरोपची पोरं वाटेकरी.

म्हणजे जायचं कॉलेजातून, आणि तिथं गुणपत्रिका आडवी येते. डिव्हिजन वनला एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, मान्य केलेले १६ कोर्स लागतात. त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहांत ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. ग्रेडची सरासरी किमान २.३. बारावी सुरू झाली की त्या दहांतला कोर्स पुन्हा करून ग्रेड सुधारता येत नाही. आमच्याने नववीत राहिलेलं गणित ऑनलाइन काढलं. तो कोर्स मान्य यादीत नव्हता. शाळेत कुणी बोललं नाही, आणि आम्हाला कळलं तेव्हा बारावी सुरू झालेली.

प्रत्येक शाळेची मान्य कोर्सची यादी एनसीएएच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. ती नववीतच बघा. आणि कॉलेजच्या कोचला स्पष्ट विचारा, स्कॉलरशिप देताय का? डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी ती मिळतच नाही.